बिननावाचा फोन

सुंदराने खोपोलीच्या बाजारातून फोन घेतला तो स्वतःच्या भाजीविक्रीतून, घरात कुणाला न विचारता. कंपनीचं नाव कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. तिच्या मुलाचं नाव नवीन; तो कारखान्यात कामाला होता. त्याने फोन उलटापालटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आये, स्वस्त हाय खरा, पन लवकर बंद पडंल. दुरुस्तीला कोन हात लावनार नाय. थांबली असतीस तर माझा जुना दिला असता."

"तुझ्या फोनात मी कुनाशी बोलते ते तुझा बाप बघंल. ह्यो माझा हाय."

नवीनने फोन तिच्या हातात परत दिला. त्याची बहीण सुप्रिया स्वतःच्या पसंतीने लग्न करून कर्जतला भिसेगावात राहायला गेली, तेव्हापासून त्यांच्या बापाने, भिवाजीने, घरात लेकीचं नाव काढू दिलं नव्हतं.

फोनला खोडी पुष्कळ. उन्हात काही दिसत नसे, बोलता बोलता पाठ तव्यासारखी तापे. पण नातीचं तोंड सुंदराला पहिल्यांदा दिसलं ते त्याच्यातच. गोठ्यामागे उभी राहून ती तिला डोळे भरून बघून घेई.

मग आवाजाचं बटण अडकलं. आवाज कमी होईना. एकदा दुपारी सगळे जेवायला बसले असताना फोन वाजला, आणि सुंदराने सवयीने उचलताच सुप्रियाचा आवाज घरभर घुमला, "आये, छकुली आज एकटी बसली गं!"

भिवाजीचा घास हातातच राहिला. "बंद कर त्ये."

 सुंदराने फोन भाताच्या टोपाला टेकवून उभा केला. "नाय करत. माझी लेक बोलतेय."

"कुनाच्या घरात?"

"मी राबले त्या घरात."

भिवाजी ताट सरकवून उठला. तेवढ्यात चित्र थिजलं आणि फोन बंद पडला. काही केल्या चालू होईना.

"सांगितलं व्हतं ना?" नवीन हळूच म्हणाला.

"बंद पडू दे. मी नाय बंद पडले." सुंदराने हात धुतले, लुगडं बदललं, पिशवी उचलली.

"कुठं निघालीस?" भिवाजी ओट्यावरून ओरडला.

"भिसेगावला. नातीला मांडीवर घ्यायला. सांजच्याला येते. भाकऱ्या तुझा ल्योक टाकंल."

ती संध्याकाळी परतली, तेव्हा भिवाजी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात सुंदरा पुन्हा निघाली आणि जाताना तिने दाराची कडी मुद्दाम, भिवाजीला ऐकू जाईल अशी, खणकन वाजवली.