भारी डबी

तिला सगळे डबीबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की डबीबाई. क्रीमच्या कंपनीत क्रीम बनवणाऱ्यांचा थाट काही औरच; ही बापडी क्रीम ज्यात भरतात ती डबी बनवणारी. तिच्या डब्या लोक घरी न्यायचे, बोटानं तळ खरवडायचे आणि कचऱ्यात भिरकावून मोकळे व्हायचे. जन्मभर आपण कचराच घडवला, असं एकदा तिच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना. निवृत्त व्हायच्या आत एक तरी डबी धड करून जायचं, असा तिनं हट्टच धरला.

धड म्हणजे काय, तर डबी, झाकण, आतली वाटी, सगळं एकाच प्लास्टिकचं. आरसा नको, सोनेरी पत्रा नको, काही काही नको. कारण दोन वेगळ्या जिनसा एकमेकींना चिकटवल्या की ती डबी वितळवून परत वापरता येत नाही. सोडवत बसायला वेळ आहे कोणाला? सरळ जाळून टाकतात. हिची डबी मात्र अख्खी वितळली असती आणि तिची पुन्हा डबीच झाली असती. बाईनं जीव ओतला हो त्यात! झाकणाचे आटे नीट बसेपर्यंत साचेवाल्याच्या नाकी नऊ आणले. डबी तयार झाली तेव्हा जाहिरातवाली तर नाचायचीच बाकी राहिली होती. तिनं लगेच झाकणावर हिरवं पान काढून घेतलं आणि खाली ‘मातीशी इमान’ असं छापायचंही ठरवून टाकलं.

मग मोठ्या साहेबांनी डबी हातात घेतली आणि जरा वरखाली करून पाहिली.

"मॅडम, डबी छानच आहे. पण हिला वजन नाही हो."

"वजन कशाला हवंय साहेब? क्रीम तर तेवढंच आहे ना?"

"डोळे मिटा बघू."

आता ह्या वयात हा काय पोरखेळ, पण साहेबांपुढे काय बोलणार? तिनं डोळे मिटले. साहेबांनी तिच्या दोन्ही तळव्यांवर एकेक डबी ठेवली.

"सांगा, कुठलं क्रीम भारी?"

"उजवीकडचं," ती म्हणाली. विचार करायच्या आतच तोंडातून निघून गेलं. डोळे उघडून बघते तर उजव्या हातात कंपनीची जुनी डबी, तळाला लोखंडी चकती बसवलेली, आणि डाव्या हातात तिची स्वतःची.

"साहेब, तुम्ही भारी विचारलंत, म्हणून मी जड ती सांगितली!"

"मग मी वेगळं काय म्हणतोय? जडही भारी आणि महागही भारी. गिऱ्हाईकालाही तो एकच शब्द येतो, मॅडम. चकती बसवा. नाहीतर आपली जुनी डबी आहेच."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण चकतीवाली का होईना, डबी निघू दे, मग चकती सुटेल अशी काहीतरी युक्ती करू, असं तिनं मनाशी ठरवलं. आधी चकती न चिकटवता खाचेत नुसती अडकवली. लाइनवरच्या फोरमननं डबी कानाशी हलवली आणि हसत सुटला. "मॅडम, हे क्रीम आहे की खुळखुळा?" मग तिनं कच्चा गोंद लावला, नखानं ओढली तरी चकती सुटेल असा. पण डबी हातातून पडली की चकती टणकन बाहेर. "कोणाच्या तरी पायावर पडायची आणि आपल्या गळ्याशी यायचं," फोरमन म्हणाला, आणि त्याचंही काही चुकलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी तिलाच सांगितलं, पक्का गोंद शोधा. असा गोंद सापडतच नाही, असं तिला सांगता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं! पण हातातलं काम अर्धवट ठेवायची सवयच नव्हती ना बाईला. तिनं गोंदांमागून गोंद तपासले, डब्या उकळल्या, गोठवल्या, जिन्यावरून खाली फेकल्या. आणि असा गोंद निवडला की डबी फुटेल पण चकती हलणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरवं पान आणि ‘मातीशी इमान’ जिथल्या तिथे राहिलं. तिला हसावं की रडावं कळेना.

पहिल्या डब्या बाजारात गेल्या त्या दिवशी तिनं एक घरी आणली आणि आईच्या हातात दिली. आईनं ती तळव्यावर तोलली आणि तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई! आत्ता कशी भारी वाटतेय. मागे तू ती पहिली, नमुन्याची दिली होतीस ना, ती हातात घेतली तर रिकामीच वाटली गं मला. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"आई, ती चांगली होती गं," ती म्हणाली. तिनं डबी आईच्या हातातून घेतली, ओट्यापाशी गेली, उलटी केली आणि सुरीचं टोक चकतीच्या कडेला घातलं. जोर लावला. आणखी जोर लावला. सुरी घसरून बोटाला लागली. चकती जागची हलली नाही.

"अगं, काय चाललंय? चांगली डबी खराब करशील!"

"निघत नाहीये, आई."

"का म्हणून निघेल? काम कोणाचं आहे!" आई कौतुकानं म्हणाली. तिनं डबी परत घेतली, झाकण फिरवून उघडलं आणि गालाला क्रीम लावायला लागली. डबीबाई बोट नळाखाली धरून उभी राहिली. निवृत्तीआधी आता तिला दुसरी डबी करायला मिळणार नव्हती.