वरून आलेला मज्जाव

उत्पादन \

"सगळ्यात वरच्या फोल्डरला मज्जाव लाव," विक्रांत म्हणाला. "खाली आपोआप झिरपेल. झिरपतं ना?"

झिरपतं, असं कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुधन्वानं सांगितलं. सर्व्हरचं तेच तर तत्त्व. वरच्या फोल्डरला जे लावावं ते त्याच्या पोटातल्या फोल्डरांना लागतं, पोटातल्यांच्या पोटातही लागतं. एकेक दार बंद करत हिंडावं लागत नाही. त्यानं उल्का पाध्ये हे नाव निवडलं आणि नकाराच्या चौकटीत टिचकी मारली.

उल्का नोएडातल्या या इन्व्हर्टर कंपनीत वापरपुस्तिका करायची. इतर भाषांच्या करवून घ्यायची, मराठी स्वतः लिहायची. विक्रांत पुण्याहून नवा साहेब होऊन आला आणि त्यानं सगळी भाषांतरं एका एजन्सीला देऊन टाकली. एजन्सीच्या मराठीत 'बॅटरीचे निधन झाल्यास' असं वाक्य निघालं. उल्कानं ते भर मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, तेरावं कंपनी घालणार, की ग्राहकानं घालायचं? सगळे हसले. विक्रांतही हसला. त्या दिवसापासून तो तिच्या मुळावर उठला.

तिला काढायचं नव्हतं. काढलं की कारण लिहावं लागतं. तिनं राजीनामा द्यायला हवा होता.

"बसू दे रिकामी. किती दिवस भिंत बघेल, यार?"

सुधन्वाला ही नोकरी उल्कानंच लावून दिली होती. तो गाझियाबादला एका खोलीत राहायचा, तेव्हा दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून ती त्याच्यासाठी थालीपीठं आणायची आणि खाल्ली का म्हणून दरडावून विचारायची. विक्रांतला हे माहीत होतं. म्हणून तर हे काम त्यानं फोनवर न सांगता मागे उभं राहून करून घेतलं.

उत्पादन \ पुस्तिका \

सकाळी उल्का त्याच्या टेबलाशी आली. काहीच उघडत नाही, म्हणाली.

"वरून आलंय, ताई."

"तू स्वतःचं कधी काही केलंयस का रे? तुझं सगळं वरूनच येतं."

मग ती जाऊन बसली. पेपर उघडला नाही, विणकाम आणलं नाही. काळ्या पडद्यासमोर ताठ बसून राहायची. खिडकीबाहेर मॉलचा सांगाडा दिवसेंदिवस चढत होता. विक्रांत येता-जाता पोरांसमोर हिंदीत विचारायचा, मॅडम, आराम चल रहा है? उल्का सांगायची, जी, आप भी करके देखिए, आपके लिए मुश्किल नहीं होगा. पर्सोनेलच्या साधनाबाईंनी टाइप केलेला राजीनामा तिच्यापुढे ठेवला. उल्कानं तो पालथा घातला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. पुढे रोज त्याच कागदावर ठेवत गेली.

कुणी तिच्याजवळ जेवायला बसेना. सुधन्वाही नाही.

उत्पादन \ पुस्तिका \ मराठी \

एका दुपारी वीज गेली. जनरेटर धडधडला, पडदे पुन्हा उजळले आणि सुधन्वाला ऐकू आलं. उल्काचा कीबोर्ड चालू होता.

तो धावत गेला. ती मराठी पुस्तिकेत काम करत होती.

वरची दारं तिनं ठोठावलीच नव्हती. फोल्डरचा अख्खा पत्ता पाठ होता, तो टाइप करून ती थेट आत उतरली होती. आणि फोल्डर उघडला, कारण त्यावर तिचं नाव होतं. जुने साहेब अंबादासजी एकदा म्हणाले होते, मराठीला हिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तेव्हा तो फोल्डर सुधन्वानंच बनवला होता आणि खास तिच्या नावानं सगळे हक्क दिले होते. जागेवर नावानिशी दिलेला हक्क वरून झिरपलेल्या मज्जावाला जुमानत नाही. यंत्राचा नियमच तसा. सुधन्वा परीक्षेपुरता तो शिकला होता.

"तूच दिलं होतंस," उल्का पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "विसरलास? बरोबर. चांगलं केलेलं तुझ्या लक्षात राहत नाही."

विक्रांत मागे येऊन उभा होता. मुद्दाम ठेवलंस का, असं त्यानं विचारलं. सुधन्वानं नियम सांगितला.

"नियम घाल चुलीत. हिला काढ तिथून."

सुधन्वानं आपल्या टेबलावरून फोल्डरची यादी उघडली. तेवढ्यात उल्कानं आपला हक्क वापरला होता. तिच्या पडद्यावर यंत्रानं विचारलं असणार:

*वरून येणारे हक्क तोडायचे?*
*प्रत ठेवा. काढून टाका. रद्द करा.*

तिनं काढून टाकले होते. यादीत एकच नाव उरलं होतं. साहेबाचं नव्हतं, संचालकांचं नव्हतं, सुधन्वाचंही नव्हतं.

विक्रांत ओरडायला लागला. एजन्सीची पुस्तिका पुण्याच्या डीलरांनी परत पाठवली होती, छपाईला आता उल्काचीच हवी होती, आणि ती याच फोल्डरात होती. सगळा मजला ऐकत होता.

"राजीनामा देणार नाही," उल्का म्हणाली. "काढा. कारण लिहून काढा."

उत्पादन \ पुस्तिका \ मराठी \ ?

संध्याकाळपर्यंत त्यांना ते लिहावं लागलं. गैरवर्तन. उल्कानं उभ्या उभ्या वाचलं, घडी केली, कप विसळून पिशवीत टाकला. जाताना ती सुधन्वापाशी थांबली.

"फोल्डर तू बनवलायस. यादीत तुला स्वतःचं नाव घालता येतं ना?"

"येतं."

"घालशीलच. वरून आलं की तू घालतोस."

उत्तराला ती थांबली नाही.

विक्रांतच्या सांगण्यावरून सुधन्वानं तिचं खातं पुसलं आणि फोल्डरची यादी उघडली. नाव होतं तिथं आता एका डोक्याचं चित्र, त्यावर प्रश्नचिन्ह आणि पुढे एक लांबलचक आकडा. यंत्राला ती कोण हे ठाऊक नव्हतं. हक्क मात्र होता तिथंच होता.

"हं," मागून विक्रांत म्हणाला. "उघड."

सुधन्वाच्या माउसचा बाण नवं नाव घालायच्या 'जोडा' या बटणावर होता.

"नाही होत, सर."

"म्हणजे?"

"खातं पुसलं ना. आता कुणालाच नाही उघडत."

विक्रांतला त्यातलं कळत नव्हतं, आणि पुसायला त्यानंच सांगितलं होतं. मग तू काय उपटायला बसलायस इथं, असं विचारून तो केबिनमध्ये गेला. काचेमागून त्याचा आवाज येत राहिला. एजन्सीवाल्याला तो म्हणत होता, बिल्कुल, जशी आहे तशीच छापा.

सुधन्वानं चौकट बंद केली नाही. तो आकडा तो नावासारखा मनात म्हणून पाहू लागला. मध्येच अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.