पालथी झारी

मित्रांनो, अंगणातल्या नळाशेजारी पत्र्याची एक झारी पालथी घातलेली दिसते ना, ती मी. माझा रंग उडाला आहे, मूठ थोडी वाकली आहे, पण पोट अजून शाबूत आहे.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या तोंडाच्या चाळणीला बारीक भोके पाडली आणि ती उन्हात धरून पाहिली. त्याच्या गालावर उजेडाचे ठिपके पडले. "जमलं," तो म्हणाला. माझी पहिली आठवण तीच.

मग मी या घरी आले. इथे दोन भावंडे होती, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. त्यांनी लावलेले झाड तेव्हा माझ्याएवढेच होते. दोघे मला दोन बाजूंनी धरून त्याला पाणी घालत आणि निम्मे स्वतःच्या पायांवर सांडत. पुढे ती मोठी झाली. झाड त्यांच्याही वर गेले. घरात रबरी नळी आली आणि मी अडगळीत पडले. एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळे विणले. त्या पांघरुणाखाली मी पाण्याची स्वप्ने पाहत असे.

धाकटा आता एका मुलीचा बाप झाला होता. त्याने अंगणात हिरवळ लावली. ती सगळीकडे दाट आली, झाडाच्या सावलीत मात्र उघडे चट्टेच राहिले. पाऊस पडला की तिथला चिखल घरभर होई.

"आता एकदाच बी पेरतो," धाकटा म्हणाला. "उगवलं तर ठीक. नाहीतर झाड काढायचं."

"तुझ्या टाळूवर तरी काय उगवतंय?" थोरली म्हणाली. "म्हणून डोकं काढायचं का?"

त्याची बायको हसली. मुलगी हसली नाही. तिचा झोका त्याच झाडाला होता.

झाडाची मुळे सांभाळून त्यांनी माती वरवर मोकळी केली, बी टाकले, त्यावर चाळलेले खत भुरभुरले. नळीच्या धारेने बी वाहून जाईल, म्हणून मला बाहेर काढले. पाणी बायकोने घालायचे ठरले.

ती सकाळी पाणी घालून आत गेली की थोरली हळूच येई. शाळेतून आल्यावर मुलगी येई. तिन्हीसांजेला आणखी एक हात माझी मूठ धरी. तो हात फार जुन्या ओळखीचा होता. प्रत्येकाला वाटे, आपण विसरलो तर झाड जाईल. मला सांगावेसे वाटे. पण झारीला तोंड असते, जीभ नसते.

सावलीत पाणी सावकाश सुकते. कोवळे कोंब पिवळे पडून आडवे झाले. उरलेले बी मातीतच कुजले.

एका संध्याकाळी थोरली बाहेर आली, तर धाकटा मला घेऊन झाडाखाली उकिडवा बसलेला.

"तू?"

"बी वाळेल गं, ताई."

"अरे, मी घातलंय की पाणी."

"ताई, पाणी तर मी घालते ना?" दारातून त्याची बायको म्हणाली.

"आणि मी," झोक्यावरून मुलगी पुटपुटली.

माझ्या तोंडातून अजून थेंब गळत होते.

"चौघांनी मिळून बुडवलं की रे," थोरली म्हणाली.

धाकट्याने झाडाच्या खोडावर हात ठेवला. "म्हणजे याचा काही दोष नाही. पुन्हा पेरू."

"पण बाबा, तुम्ही म्हणाला होतात..."

"मी काय, पुष्कळ म्हणतो."

या वेळी झोक्याची फांदी ठेवून खालच्या दोन फांद्या उतरवल्या. सावलीत तग धरणाऱ्या गवताचे बी आणले. आणि एक नियम केला. आधी मातीला बोट लावायचे, वरची माती सुकू लागली असेल तरच मला उचलायचे, आणि पाणी घालून झाले की मला पालथी ठेवायचे.

आता तिथे गवत आहे. विरळच आहे, पण आहे. दुपारी पानांतून त्यावर उजेडाचे ठिपके पडतात, जणू झाडानेही कुठूनशी एक चाळणी मिळवली आहे. मग मला त्या कारागिराचा गाल आठवतो.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या मातीला आधी बोट लावून पाहा. आणि मी पालथी दिसले, तर पाय न वाजवता परत फिरा. त्याचे आजचे पाणी झाले आहे.