तोंडी गणित आणि खडू

सोनिकाला फिट्स येत. त्या आजारापायी लांबलचक वाक्य ऐकताना शेवट येईपर्यंत सुरुवात तिच्या डोक्यातून निसटायची. थाटीपुरच्या तिच्या शाळेत तोंडी गणिताला हात मागे बांधून उभं राहायची शिस्त होती, आणि यंदा चुकली तर खालच्या वर्गात रवानगी ठरलेली.

कदम मॅडमनी टोपल्या, आंबे, त्यातले नासके, सगळं एका दमात सांगून टाकलं.

सोनिकाने सरळ खडू उचलला. “मॅडम, फिर से बोलिए. मी लिहून घेते.”

“लिहून तर कुणीही करील!”

“मग मलाही करू द्या ना!”

वर्ग खिदळला. मॅडमनी मुद्दाम भरभर सांगितलं. सोनिकाने आकडे फळ्यावर पकडले, उत्तर काढलं आणि म्हणाली, “चूक दाखवा.”

मॅडमनी बराच वेळ शोधली. शेवटी नाइलाजाने पूर्ण गुण दिले.