तीन पानांचा ताग

परदेशात, फ्रिस्कोतल्या मुलाच्या घराला दारं चिक्कार होती, पण अहिल्याबाईंच्या कामाचं एकच, मागच्या अंगणातलं लाकडी फाटक. पुढच्या दाराला आकड्यांचं कुलूप. गॅरेजचं दार गाडी चालवता येणाऱ्यांसाठी. बरं, रस्त्यावर उतरावं तर जायचं कुठं? दुकान गाडीशिवाय नाही, देऊळ गाडीशिवाय नाही. मागच्या फाटकापलीकडे मात्र अजून घरं न उठलेला माळ होता. तिथं बाई रोज एक फेरी मारून येत आणि कैद्याला सकाळचं ऊन दाखवून परत आणावं तशा आत येत.

खरं तर पाडव्याला त्या परभणीला परतायच्या होत्या. तिकीटही काढलेलं होतं. पण प्रसाद म्हणाला, "आई, अजून सहा महिने राहा ना. बाहेरचं खाऊन पोटाची वाट लागली होती. तुझा डबा मिळायला लागला तेव्हापासून बरा आहे मी." मुलाच्या पोटाचा विषय निघाला की आई विरघळते, हे मुलांना कोण शिकवतं देव जाणे. मुक्काम वाढवायचा अर्ज गेला, तिकीट कॅन्सल केलं, आणि अहिल्याबाई डब्यासाठी राहिल्या. डबा रोज संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा यायचा. तेवढ्यावर त्यांचे दिवस निघत होते.

एप्रिलात माळावर पिवळी फुलं आली. उभे दांडे, त्यांवर वाटाण्याच्या फुलासारख्या पाकळ्या, आणि बुडाशी गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा. शेंग हलवली तर आत बिया खुळखुळल्या. ताग! बाईंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तागाच्या फुलांची भाजी खाऊन प्रसाद लहानाचा मोठा झाला होता. त्यांनी ओटीभर फुलं खुडली, चार दांडे फुलदाणीसाठी घेतले, आणि शुक्रवारी सकाळी कांदा, लसूण, दाण्याचं कूट घालून भाजी केली. शुक्रवारचा उपवास, म्हणून स्वतः चव घेतली नाही. होती तेवढी सगळी डब्यात भरली आणि प्रसादला काही सांगितलं नाही. झाकण उघडल्यावरच कळू दे म्हणाल्या.

सून ज्ञानदा त्याच सकाळी विमानाने क्लायंटकडे गेली होती. नात आरोही सर्दीमुळे घरीच होती. अकराच्या सुमाराला तिने चाळा म्हणून फुलदाणीचा फोटो काढला आणि फोनमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपला विचारलं.

"आज्जी, इट्स नॉट ताग. इट्स यलो वाइल्ड इंडिगो."

"तुझ्या फोनच्या बापाने ताग पाहिलाय का?"

"इट सेज इट्स फ्रॉम हिअर. प्रेअरीचं, म्हणजे माळाचं फूल आहे." मग पोरीचा आवाज बारीक झाला. "आज्जी, इट सेज टॉक्सिक. टॉक्सिक म्हणजे खायचं नाही. पॉयझन."

फोनवर बाईंचा विश्वास नव्हता. स्वतःच्या डोळ्यांवर होता, म्हणून त्यांनी दांडा उचलून पान पाहिलं. तागाचं पान एकेकटं, लांबट. इथं एका देठावर तीन तीन पानं होती, मेथीसारखी. सगळी उमर शेतात गेली आणि फुलाला भुलून पान बघायचं राहिलं होतं. पोराच्या डब्यात आपल्या हाताने विष भरलं होतं.

प्रसादला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, त्याने कट केला. आरोहीने मेसेज टाकला, "बाबा, लंच खाऊ नको." तो कुणी पाहिलाच नाही. ज्ञानदाचा फोन बंद, ती अजून आकाशात होती. ऑफिसबद्दल बाईंना एवढंच ठाऊक, की गाडी डावीकडे वळते. आरोहीलाही पत्ता माहीत नव्हता.

आरोहीचा हात धरून त्या शेजारच्या दाराशी गेल्या. इतक्या महिन्यांत त्या घरातलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. बेल दाबली तर बेलच बोलायला लागली. आरोही त्या डबीला घाईघाईने काहीतरी सांगू लागली, पण डबीतून बोलणाऱ्या बाईने तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"काय म्हणते?"

"पार्सल दारात ठेवून जा म्हणते. शी इज नॉट होम."

पलीकडच्या घरात तेवढंही कुणी बोललं नाही. लांब मोठ्या रस्त्यावर गाड्या सुसाट चालल्या होत्या, आणि त्या रस्त्याला कडेने चालायची पायवाटसुद्धा नव्हती. आजारी पोरीला घेऊन जायचं कुठं, आणि सोडून तरी कसं जायचं? बाई परत आल्या, देवासमोर बसल्या, पण स्तोत्रातला एक शब्द आठवेना. घड्याळ बारा ओलांडून पुढं सरकलं, तसा त्यांना डब्याचं झाकण उघडल्याचा आवाजच ऐकू यायला लागला.

फोन वाजला तेव्हा एक होऊन गेला होता.

"आई, अगं मीटिंगमध्ये होतो. एवढे कॉल?"

"डबा खाल्लास?"

"हो, आत्ताच. भाजी मस्त झाली होती."

बाईंनी कपाळ बडवून घेतलं. "अरे, ती तागाची नव्हती. विषारी झाडाची फुलं होती, मी चुकले. तसाच दवाखान्यात जा. कुणाला तरी सोबत घे."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"प्रसाद?"

"आई, घाबरू नकोस. मी खाल्ली नाहीये."

"मला धीर द्यायला खोटं बोलू नकोस."

"आत्ताचं खोटं नाहीये. इथं आम्ही सगळे बाहेर जेवायला जातो. डबा मी संध्याकाळी पार्किंगमध्ये रिकामा करतो. धुऊन आणतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"रोज?"

"जवळजवळ रोजच."

"मग मला ठेवून कशाला घेतलंस?"

"ज्ञानदाचे प्रवास वाढलेत. आरोहीला घरी कोण बघणार? तसं सांगितलं असतं तर तू राहिली नसतीस."

"आता तिकीट बघ माझं."

"ऑक्टोबरपर्यंत तरी जमणार नाही, आई. समजून घे."

त्यांनी फोन खाली ठेवला. आरोही विचारत होती, "बाबा ओके आहे ना?" त्यांनी मान डोलावली, तिला पोटाशी धरलं आणि हुंदके देऊन रडल्या. पोरगा सुखरूप होता. आपलं अन्न त्याने रोज टाकून दिलं म्हणून देवाचे आभार मानायची वेळ कुठल्या आईवर येऊ नये. अहिल्याबाईंवर आली, आणि त्यांनी ते अगदी मनापासून मानले.