काचेवरचं मेण

त्या रविवारी भिवाजींनी अंगणात दोन बादल्या भरून ठेवल्या, तेव्हा ऊन अजून जांभळाच्या शेंड्यावरच होतं. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं आणि मगच साबणात बुडवायचं. नाहीतर एकदा पुसून काढलेली माती पुन्हा गाडीवर जाते आणि रंगावर केसाएवढे ओरखडे उठतात. फडकंही साधं नव्हे, बायकोच्या जुन्या सुती लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं.

गाडी त्यांच्या मुलीची, समिधाची. दसऱ्याला घेतलेली, काळपट निळी. भिवाजींना चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. पण मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी बत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती आणि गेटाआत उभ्या राहणाऱ्या त्यांच्या स्कूटरला दोन वर्षांत कोड फुटल्यासारखे डाग पडले होते. त्या डागांचा राग ते आता या गाडीवर काढत होते. दर रविवारी आंघोळ, आणि आज पहिल्यांदा मेण. चपटा गोल डबा त्यांनी पनवेलहून आणला होता.

"बाय, जरा ये गं. ह्ये वाच."

समिधा ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. कर्जतच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल; रविवार हाच तिचा स्वतःसाठी वाचायचा दिवस. हातातल्या कादंबरीची चाळीसेक पानं उरली होती.

"काय आहे, बाबा?"

"डब्यावं इंग्रजी हाय. कुठं कुठं लावायचं लिवलंय?"

हा त्यांचा जुना नेम. कंपनीत ड्रमचं झाकण उघडण्याआधी लेबल वाचायचं, ही शिस्त त्यांनी घरात आणली होती. औषधाची बाटली असो की उंदीर मारायची गोळी, वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाय. स्वतःला इंग्रजी येत नसल्यामुळे वाचायचं काम समिधाकडे. दुसरीत असल्यापासून ती लेबलं वाचत आली होती. तिला इंग्रजी शाळेनं नव्हे, घरातल्या डब्याबाटल्यांनी शिकवलं, असं ते पाहुण्यारावळ्यांना सांगत.

तिनं मान वर केली नाही. "सगळीकडे लावा."

"सगळीकडं?"

"हो, बाबा, सगळीकडे. गाडीचंच आहे ना ते?"

"बरं बरं," ते म्हणाले आणि झाकण उघडलं.

दुपारी जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी तिला आधी गाडीपाशी नेलं. गाडीच्या दारात तिचा चेहरा दिसत होता. "बघ. आता पावडर लावायला आरसा नको." मग स्वतःचाही चेहरा पाहून म्हणाले, "आन् मी कवा म्हातारा झालो रं देवा?" दोघं हसली. समिधाची आई बायजाबाई नेरळला बहिणीकडे गेली होती, मंगळवारी येणार होती. म्हणून जेवण दोघांपुरतंच, वालाचं बिरडं आणि भात. संध्याकाळी समिधानं कादंबरी संपवली. शेवट तिला आवडला नाही.

सोमवारी पहाटे सहाला बाबांनी हाक मारली ती नेहमीची नव्हती. ते खाटेवर बसले होते, बनियन घामानं छातीला चिकटलं होतं, आणि बाहेर डिसेंबरची थंडी.

"छातीव दगड ठेवल्यावानी झालंय गं."

तिनं ॲम्ब्युलन्सला फोन केला. यायला पाऊण तास लागेल, म्हणाले. मग तिनं त्यांना खांद्याचा आधार देत गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे पाडली, पट्टा लावला. पट्टा लावताना त्यांच्या बोटांना मेणाचा वास येत होता, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहणार होतं.

गावाबाहेर पडेपर्यंत धुक्यानं रस्ता गिळला होता. धुकं तिला नवं नव्हतं, तिनं वायपर लावला. वायपर एकदा गेला, एकदा आला, आणि समोरची काच दुधाळ झाली. नीट पुसली न गेलेली साय काचभर पसरावी तशी. तिला वाटलं वाफ धरली असेल. तिनं तळव्यानं आतून पुसली. काहीच फरक नाही. पाणी मारलं, पुन्हा वायपर. साय आणखी पसरली.

तेवढ्यात समोरून ट्रक आला. त्याचे दोन दिवे काचेवर आदळले आणि फुटले. सबंध काच पांढरी झाली. रस्ता नाही, कडेचा पट्टा नाही, झाड नाही. तिनं ब्रेक दाबला. हॉर्न कानाला लागून गेला आणि वाऱ्यानं गाडी हलली. तिचे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट आवळले गेले होते की ते सोडवायलाही भीती वाटली.

"हळू," बाबा म्हणाले. "मी हाय."

ती पहिल्या गिअरमध्ये, काच खाली करून, डोकं बाहेर काढून चालवत राहिली. थंडीनं डोळ्यांतून पाणी येत होतं. दर थोड्या वेळानं ती बाजूला बघे. छाती हलतेय ना? हलतेय. पुन्हा बाहेर. मागून आलेल्या टेंपोवाल्यानं शिवी हासडली. पायी चाललेला एक माणूस तिच्या पुढे निघून गेला.

चौक गावात जुन्या हायवेवर गोमाच्या पंक्चरच्या दुकानात दिवा दिसला तेव्हा तिनं गाडी तशीच आत घातली. गोमा बाबांच्याच वयाचा, कोळशाच्या शेगडीवर चहा ठेवून बसलेला.

"काका, काच बघा. दिसतच नाहीये काही. बाबांना पनवेलला न्यायचंय."

गोमा उठला. आत वाकून त्यानं भिवाजींकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. मग त्यानं काचेवर बोट ओढलं, नखाशी आणून पाहिलं.

"मेण हाय ह्ये. काचेला मेण फासलंय! कोण शहाणा गं?"

आणि समिधाच्या आत इतका वेळ दाबून धरलेली भीती रागाचं तोंड घेऊन बाहेर पडली. "बाबा! काचेला मेण कोण लावतं? अक्कल आहे का तुम्हाला? एवढंही कळू नये?"

शेजारच्या ढाब्यावर भांडी घासणारी बाई हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिली.

भिवाजींनी डोळे उघडले. आधी मुलीकडे पाहिलं, मग गोमाकडे.

"मीच तो शहाणा रं, गोमा."

गोमानं त्या बाईकडून भांड्यांची पावडर घेतली, चहाचं आधण काचेवर ओतलं आणि जोर लावून घासायला लागला.

"ओरखडं पडतील रं," बाबा पुटपुटले.

"पडू दे. काच हाय, बायको नाय."

बाबांच्या ओठाची एक बाजू हलली. हसू होतं की कळ, ते तिला कळलं नाही. घड्याळात बारा मिनिटं गेली.

पनवेलच्या रस्त्याला लागल्यावर समोरचं सगळं स्वच्छ दिसायला लागलं. दिवे, पाट्या, धुक्यातून सुटत चाललेले डोंगर. आणि त्याच वेळी तिला आठवलं. ओटा. चाळीस पानं. सगळीकडं? हो, बाबा, सगळीकडे.

त्यांनी दोनदा विचारलं होतं.

आत्ताच सांगायला हवं होतं. तिनं तोंडही उघडलं. पण बाजूच्या माणसाचे डोळे मिटलेले होते, ओठ निळसर, आणि तिला वाटलं, आपण आत्ता माफी मागितली तर ती निरोपासारखी ऐकू येईल. यांना वाटेल, हिनं आशा सोडली. पोहोचल्यावर सांगू. बेडवर आडवे झाले, सलाईन लागलं की हसत सांगू, शहाणे तुम्ही नव्हे, मी. तिनं गिअर बदलला.

हॉस्पिटलात त्यांना आत नेलं. साडेआठला डॉक्टर बाहेर आले.

"बारा मिनिटं आधी पोहोचलो असतो तर?" समिधानं विचारलं. एवढंच विचारलं.

"ते तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

नाही, म्हणाले असते तर ती रडली असती. हो, म्हणाले असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक. पण या वाक्याला तळच नव्हता. ती त्यात रोज थोडी खाली जात राहिली.

आईला तिनं सांगितलं, धुकं फार होतं. ते खोटं नव्हतं.

पुढचे दिवस भीतीचेच गेले. गाडी घराच्या बाजूला कव्हर घालून उभी. समिधा कॉलेजला रिक्षानं जायची. आई चौकच्या बाजारात निघाली की ती परत येईपर्यंत समिधा दारातच घुटमळे. गोमा भेटेल. बोलण्याच्या ओघात सांगून जाईल. मग आई विचारेल, मेण लावताना तू कुठं होतीस? बाबांनी तुला वाचायला दिलं नाही असं कसं होईल?

तेराव्याला गोमा आला. जेवायला बसला. समिधा वाढत होती.

"लय मस्करीखोर माणूस," तो बायजाबाईंना म्हणाला. "शेवटपावतर."

"म्हंजे? तुला भेटले व्हते काय?"

समिधाचा हात हवेत थांबला. गोमानं तिच्याकडे पाहिलं, मग पत्रावळीकडे.

"रोजच भेटायचा की," तो म्हणाला. "भात वाढ गं पोरी."

त्यानं वाचवलं होतं. तशी तर तिला बाबांनीही वाचवलं होतं, पंक्चरच्या दुकानापुढे, श्वास पुरत नसताना. बाय, तूच म्हणालीस ना, एवढे चारच शब्द होते. त्यांनी ते वापरले नाहीत. तिला सगळ्यात जास्त भीती आता कशाची वाटत होती तर याची, की खरं सांगायचं तिनं असंच राहू द्यावं आणि ते कायमचं राहून जावं.

जानेवारीतल्या एका रविवारी ती उठली तेव्हा अंगणातून पाण्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन पाहते तो आईनं कव्हर काढलेलं, दोन बादल्या भरलेल्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची.

"आई, काय करतेस?"

"धुतेय. धूळ पार शिरलीय कव्हराखालून पन. एवढी जपलेली त्यांनी, सोडून द्यायची काय?" बायजाबाईंनी फडकं आधी साध्या पाण्यात खळबळलं. नवऱ्याला त्या किती बारकाईनं बघत आल्या होत्या, हे त्यातून दिसलं. "तुज्यानं होत नाय ते कळतंय मला. तू बस."

समिधा ओट्यावर बसली. त्याच खांबापाशी. हातात पुस्तक नव्हतं. तेव्हापासून तिनं एकही पूर्ण केलं नव्हतं.

आईनं गाडी पुसून कोरडी केली. मग खिडकीतल्या फळीवरून तो चपटा गोल डबा आणला. तो अजून तिथंच होता. समिधाला उठावंसं वाटलं, पळावंसं वाटलं. जमलं नाही.

"टोपणाला आधी लावते, मग काचंला," आई म्हणाली. टोपण म्हणजे बॉनेट. "तुज्या बाबांनी मागच्या काचंलापन लावलेलं दिसतंय."

तिनं झाकणाला हात घातला आणि थांबली. आणि डबा पुढे केला.

"थांब. वाचल्याबिगर उघडायचं नाय, नायतर वरून बोंबलतील. वाच गं, बाय. कुठं कुठं लावायचं?"

समिधा उठली. पायऱ्या उतरून गेली. डबा हातात घेतला, तो हलका होता. बाबांनी अर्धा संपवला होता, मन लावून, सगळीकडे. कडेनं गोल फिरणारी बारीक अक्षरं तिनं पहिल्यांदा वाचली. चौथी ओळ. वाचायला दोन सेकंदंही लागली नाहीत.

"काचेला लावू नये," ती म्हणाली.

"असं लिवलंय?" आई काचेकडे बघत राहिली. गोमानं घासलेल्या जागी बारीक गोल ओरखडे उन्हात चमकत होते. "मग त्यांनी कसं लावलं? ते तर इचारल्याशिवाय..."

आई बोलता बोलता थांबली. तिनं मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

समिधानं एक हात काचेवर टेकवला. पलीकडे पुढची सीट अजून मागे पाडलेलीच होती.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं. दोनदा विचारलंत. मी न वाचताच सांगितलं."