एकीसाठी फोडलेली कुपी

मी लसीचा निळा डबा बोलतोय. खांद्याला अडकवायचा पट्टा, घट्ट झाकण आणि आत बर्फाच्या चार पट्ट्या, एवढंच माझं शरीर. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, नुसतं थंड राहणं ही काय कामगिरी झाली?

जनवाड्याच्या नर्स पंचशीलाबाईंनी मला बारा वर्षं खांद्यावर वागवलं. डांबर मऊ पडेल अशा उन्हातही माझ्या पोटातला गारवा त्या जिवापाड जपत.

एका मार्चमध्ये जवळच्या गावात गोवर आला. बाईंच्या यादीतली सगळी बाळं टोचून झाली होती. परतताना त्यांना रानात मेंढ्या बसलेल्या दिसल्या आणि पालाच्या सावलीत एक तान्हं लेकरू. यादी पुन्हा चाळली. ते पाल तिच्यात नव्हतंच.

लेकराची आई नागूबाई म्हणाली, "आमी कामून यादीत असू, बाई? आज हितं, उद्या तिकडं. आमाला गाव कुठलं?"

"लेकरू किती महिन्याचं, अक्का?"

"धा. पोरगी हाय." तिने पोरीला पदराआड घेतलं. "सुईनं ताप येतोय म्हणं. उद्या कळप हलायलाय. तापलेलं लेकरू घेऊन चालू कशी?"

मागे तिचा सासरा अमृतप्पा बसला होता. पोलिओनं वाळलेला पाय पुढे पसरून तो म्हणाला, "ह्या पायाला इचार. माझ्या येळंला कुनी आलं न्हाई. कळप एक दिस थांबंल. टोचू दे."

बाईंनी माझं झाकण उघडलं. कुपीत पाच बाळांची लस होती. फोडली की चार तासांत संपवायची, उरलेली वाया जाणार.

"एकीसाठी अख्खी फोडायलाव व्हय?" नागूबाईने हळूच विचारलं.

"व्हय अक्का. एकीसाठीच."

मी थक्क झालो. दूरच्या शीतगृहातून, कधी एकमेकांना न पाहिलेल्या किती माणसांच्या हातांतून हा गारवा या एवढ्याशा दंडापर्यंत आला होता.

बाईंनी यादीत लिहिलं, पल्लवी. गावाच्या रकान्यावर पेन थबकलं. मग त्यांनी लिहिलं, 'वाटेवर'. पावसाळ्यानंतर कळप कुठे असेल ते विचारून तिथल्या, हळ्ळीखेडच्या नर्सला फोन केला.

सहा महिन्यांनी तिकडून फोन आला, "तुमची पल्लवी दुसऱ्या डोसाला आली होती. चालायलीय आता."

माझं झाकण आता तडकलंय. कोठीत पडून असतो. रोज सकाळी नवा डबा निघतो, तेव्हा त्याला नेणाऱ्यांना सांगावंसं वाटतं: यादी संपली म्हणून परतू नका. थोडं पुढे जाऊन बघा.